कॉन्फरन्समधल्या एका संध्याकाळी जुने संगणक मांडायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात नागपुरात दोन दिवसांची सॉफ्टवेअर कॉन्फरन्स आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी संयोजक एक खोली साडेतीन तास वापरायला देणार आहेत. पंचवीसेक माणसं येतील, त्यांतल्या दहा-बारा जणांकडे जुने संगणक आहेत: स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो (हे तीन १९८० च्या दशकातले, कळफलकातच सगळं असलेले छोटे संगणक), एक्सटी, ४८६ (हे जुने पीसी). भाषण नको, उद्घाटन नको. यंत्रं लावायची, चालवायची आणि गप्पा मारायच्या. हे कसं जमवावं?

सुरू होणारी सहा ते आठ यंत्रं, त्यापुढे जाऊ नका. बारा मालक असतील तर उरलेल्यांनी आपलं यंत्र झाकण उघडून, बंद अवस्थेत मांडावं, किंवा नुसते पडदे (मॉनिटर, टीव्ही) आणि केबली आणाव्यात. अशा मेळाव्याचे बारा वाजतात ते सहसा यंत्र बिघडल्यामुळे नाही. प्लग पुरत नाहीत, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, नाहीतर टीव्हीवर चित्रच येत नाही. खोली ठरली की पहिला फोन हॉलच्या वायरमनला करा, यंत्रमालकांना नंतर.

मालकांकडून तीन आठवडे आधी पाच गोष्टी लिहून घ्या. यंत्राचं मॉडेल. मागच्या लेबलवरचं व्होल्टेज, आणि प्लग दोन पिनांचा की तीन. चित्र कुठल्या सॉकेटमधून निघतं आणि ते आजवर कुठल्या टीव्हीवर दिसलं आहे. प्रोग्राम कशावरून लोड होतो: कॅसेट, फ्लॉपी, की कार्ड. आणि शेवटचं, गेल्या महिन्याभरात ते सलग अर्धा तास चालवलं आहे का. निर्णय या पाचव्या उत्तरावर घ्यायचा. जे यंत्र वर्षानुवर्षं कपाटात आहे ते मेळाव्यात पहिल्यांदा सुरू करायचं नाही, मालक कितीही आग्रह करो. बरेच दिवस वीज न लागलेले कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) पहिल्या दहा-वीस मिनिटांतच दगा देतात, आणि तो दगा पंचवीस माणसांसमोर, भाड्याच्या खोलीत नको.

वाटणी अशी करा की बाहेरगावचे यंत्र आणतील आणि नागपूरकर पडदे आणतील. अमरावती, वर्धा, चंद्रपूरहून एसटीने किंवा रेल्वेने येणाऱ्याला स्पेक्ट्रम किंवा कमोडोर पाठीवरच्या पिशवीत आणता येतो. चौदा इंची सीआरटी (जुना, काचेच्या नळीचा) मॉनिटर दहा-बारा किलोचा भरतो, तो कोणी आणत नाही, आणला तर रडत आणतो. एक्सटी आणि ४८६ चे डबेही शहरातल्यांनीच आणावेत. कोण काय आणणार याची एकच यादी ठेवा आणि प्रत्येक यंत्रापुढे ‘पडदा कोणाचा’ हा रकाना भरल्याशिवाय ते यंत्र यादीत पक्कं करू नका.

काय निवडावं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे प्रत्यक्ष वापरली गेलेली यंत्रं आधी. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरतेच्या प्रकल्पात सरकारने शाळांना बीबीसी मायक्रो दिले. त्यांचाच भारतीय अवतार म्हणजे एससीएल या सरकारी कंपनीचा युनिकॉर्न. १९८६ मध्ये डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस बाजारात आणला. कचेऱ्यांत एक्सटी-एटीच्या देशी नकला होत्या आणि त्यांच्यावर वर्डस्टार, डीबेस, फॉक्सप्रो चालायचं. आणि कोणाकडे सी-डॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड बसवलेला पीसी असेल तर त्याला मधलं टेबल द्या. डॉसच्या काळ्या पडद्यावर इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकाने मराठी उमटताना बघायला जेवढी माणसं थांबतात तेवढी कुठल्याही खेळाला थांबत नाहीत. इस्की या युनिकोडच्या आधीच्या भारतीय संकेतपद्धतीत साठवलेली फाईल युनिकोडमध्ये कशी आणायची, हा प्रश्न तिथे हमखास निघतो. उत्तर माहीत असलेला माणूस त्या टेबलाजवळ बसवा.

आता वीज. कागदावर बेरीज करा. सीआरटीसकट एक पीसी साधारण २०० वॅट धरा, असे तीन म्हणजे ६००. घरगुती संगणक आणि छोटा एलसीडी टीव्ही मिळून ७५, असे पाच म्हणजे ३७५. प्रोजेक्टर ३००, दोन लॅपटॉप १३०. एकूण १,४०५ वॅट. सहा अँपिअरच्या एका सर्किटवर २३० व्होल्टला १,३८० वॅट मिळतात. म्हणजे चहाची इलेक्ट्रिक किटली लावायच्या आधीच एक सर्किट भरलं. दोन वेगळ्या एमसीबींवरची सॉकेटं मागा, आणि ती खरंच वेगळी आहेत का हे वायरमनला एक एमसीबी पाडायला लावून बघा. भिंतीच्या दोन टोकांना सॉकेटं दिसली म्हणजे सर्किटं दोन, असं नसतं. किटली त्या खोलीत येऊच देऊ नका, चहा बाहेर.

बेरीज जमली तरी सगळं एका बटणावर सुरू करू नका. सीआरटी सुरू होताना त्याची डिगॉसिंग (पडद्याचं चुंबकत्व घालवणारी) कॉइल आणि एसएमपीएसचे (पीसीच्या पॉवर सप्लायचे) रिकामे कॅपॅसिटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात, आणि एमसीबी त्या क्षणावर पडतो. यंत्रं एकेक करून, पाच-दहा सेकंदांच्या अंतराने लावा. लाईट गेली तर हाच नियम उलट: गेल्याबरोबर प्रत्येकाने आपापल्या यंत्राचं बटण बंद करायचं, कारण जनरेटर किंवा लाईट परत येताना सगळी यंत्रं एकदम लागतात आणि तो झटका जुन्या पॉवर सप्लायला सोसत नाही. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ही यंत्रं नकोत. ज्यांच्या अडॅप्टरमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे ते त्यावर गुरगुरतात आणि तापतात.

अर्थिंग मल्टिमीटरने तपासा, टेस्टरने नाही. प्रत्येक सॉकेटवर फेज-न्यूट्रल २२० ते २४०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ तीन-चार व्होल्टच्या आत आलं पाहिजे. फेज-अर्थ भलतंच कमी किंवा हलतं येत असेल तर तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. मग काय होतं? एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये पत्र्याला टांगलेले असतात, त्यामुळे अर्थ नसला की पत्र्यावर अर्धं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतं. हाताला मुंग्या येतात, तेवढ्याने माणसाला फार होत नाही. पण अशा पीसीची केबल अर्थ मिळालेल्या प्रोजेक्टरला चालू असताना लावली तर ती ठिणगी व्हिडिओ किंवा सिरीयल पोर्टमधून जाते आणि चिप मरते. म्हणून खोलीभर एकच शिस्त: आधी सगळ्या केबली, मग वीज, काढताना आधी वीज बंद, मग केबली.

हॉलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) असेल आणि तो सारखा पडत असेल तर एखादं यंत्र गळतंय किंवा सगळ्यांची थोडी थोडी गळती मिळून होतेय. यंत्रं एकेक काढून बघा, दोषी सापडेल. प्लगची अर्थ पिन कापणं किंवा तिला टेप गुंडाळणं हा उपाय नाही, तसं करणाऱ्याचं यंत्र त्या दिवसापुरतं बंद.

परदेशातून आलेली यंत्रं वेगळी काढा. लेबलवर ११० किंवा १२० व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्राच्या वॅटच्या किमान दीडपट व्हीएचा हवा. जुन्या पीसी एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा लाल स्विच असतो; तो ११५ वर असताना आपल्या सॉकेटमध्ये घातला की एकच आवाज होतो आणि खेळ संपतो. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक डब्याचा हा स्विच एकाच माणसाने बघायचा आणि वर चिकटपट्टी लावायची.

संशयास्पद पॉवर सप्लायसाठी सिरीज बोर्ड ठेवा: १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सॉकेटच्या सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. लावल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर थेट शॉर्ट नाही. पूर्ण प्रकाशाने पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे, यंत्र बाजूला ठेवा. एसएमपीएस अशा सिरीजमध्ये नीट सुरू होत नाही, बल्ब लुकलुकतो. त्यावरून यंत्र बिघडलं असा निष्कर्ष काढू नका. हे काम येणाऱ्याने आपल्या घरी आधीच केलेलं असावं, पण कोणीतरी केलेलं नसतंच.

प्रत्येक जातीच्या यंत्राची एक ठरलेली खोड असते आणि ती आधी विचारता येते. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर कॅपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. वरच्या प्लॅस्टिकला तडे जातात, त्यातून पावसाळ्याची दमट हवा आतल्या कागदात शिरते, आणि मग यंत्र छान चालू असतानाच मागून जाड, उग्र वासाचा धूर निघतो. यंत्र बहुधा वाचतं, पण हॉलचा स्मोक अलार्म वाजतो आणि तुमचा मेळावा तिथेच आटोपतो. जुन्या ॲपल टूच्या सप्लायमध्येही हाच प्रकार सापडतो. बदलून २७५ व्होल्ट एसीचे एक्स२ वर्गाचे कॅपॅसिटर घातलेले नसतील तर ते यंत्र फक्त बघायला ठेवा.

कमोडोर ६४ चा मूळ अडॅप्टर हा रेझिनने भरलेला ठोकळा असतो, उघडता येत नाही. त्यातला पाच व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज कमी होत नाही, वाढतं, आणि आधी रॅम चिप जातात. ठोकळा थंड असताना नुसतं मोजून समाधान मानू नका. लोड लावून, वीस-तीस मिनिटं तापल्यावर मोजा. ५.२५ व्होल्टच्या वर गेला तर वापरायचा नाही. त्यातलाच नऊ व्होल्ट एसी वेगळा असतो, त्यामुळे मोबाईलचा पाच व्होल्टचा चार्जर त्याची जागा घेऊ शकत नाही. कमोडोरची जॉयस्टिक यंत्र चालू असताना काढ-घाल केली तर पोर्टमागची सीआयए ही जॉयस्टिक आणि कळफलक सांभाळणारी चिप स्टॅटिकने जाते. मुलांच्या गर्दीत हे दहा वेळा होणार, तेव्हा दोन्ही जॉयस्टिक आधीच लावून वायर टेबलाला टेपने चिकटवा.

स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात पण प्लगच्या आत ऋण आणि बाहेर धन. आज घरात पडलेले राउटरचे अडॅप्टर बरोबर उलटे असतात आणि भोकात मस्त बसतात. उलटं लावलं की आतला छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर जातो, त्याबरोबर उणे पाच व्होल्ट जातात आणि खालच्या सोळा केच्या रॅम चिपा मरतात. स्पेक्ट्रमच्या अडॅप्टरवर लाल टेप गुंडाळा आणि दुसरा कुठलाही नऊ व्होल्टचा अडॅप्टर त्या टेबलाच्या आसपास राहू देऊ नका. मागच्या एज कनेक्टरला लावलेला इंटरफेस हलला तरी प्रोसेसर किंवा यूएलए (चित्र तयार करणारी चिप) जाऊ शकते, म्हणून यंत्र टेबलाच्या कडेपासून एक वीत आत.

एक्सटीच्या मदरबोर्डवर १२ व्होल्टच्या लायनीला टँटलम कॅपॅसिटर असतात, ते शॉर्ट होतात. लक्षण असं की पंखा जरा हलतो आणि सगळं मेल्यासारखं होतं. २८६ ते ४८६ च्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून कळफलकाच्या सॉकेटजवळचे ट्रॅक खाते. हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर आधी बॅटरी कापा, पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बॅटरी काढल्यावर बायोस हार्ड डिस्क विसरतं. सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवलेले असावेत. ते आकडे मोबाईलमध्ये शोधण्यात अर्धा तास जातो.

चित्राचा भाग लोक शेवटी ठेवतात, आणि वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो. तुमच्या यंत्रांमधून पाच प्रकारचे सिग्नल निघणार आहेत. स्पेक्ट्रमचा आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेना सॉकेटात जाणारा, यूएचएफ चॅनल ३६ वर, पाल या टीव्ही पद्धतीचा. कमोडोर आणि बऱ्याच इतर यंत्रांचा कंपोझिट (पिवळ्या सॉकेटचा). बीबीसीचा आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे). एक्सटीचा, त्यात सीजीए किंवा हर्क्युलिस यांपैकी जे चित्राचं कार्ड असेल त्याचा, नऊ पिनांचा डिजिटल. आणि ४८६ चा व्हीजीए. यांतले शेवटचा आणि, पिवळं सॉकेट असेल तर, कंपोझिट एवढेच प्रोजेक्टरला सरळ लागतात. सीजीएची आडवी फ्रीक्वेन्सी १५.७ किलोहर्ट्झ, हर्क्युलिसची १८.४, व्हीजीएची ३१.५. त्यामुळे कन्व्हर्टरशिवाय नऊ पिनांची केबल पंधरा पिनांत जुळवून चित्र येत नाही, आणि हर्क्युलिसचा मॉनिटर सीजीएला लावला तर मॉनिटर जळू शकतो. ज्याचं कार्ड त्याचाच मॉनिटर, ही एक्सटीवाल्यांसाठी अट ठेवा. आरजीबी टू एचडीएमआय हा रास्पबेरी पाय झीरोवरचा छोटा बोर्ड कोणाकडे असेल तर बीबीसी आणि सीजीए दोन्हींचा प्रश्न मिटतो.

आरएफसाठी टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर हवा. नव्या टीव्हींत तो असेलच असं नाही, आणि असला तरी ऑटो सर्चला स्पेक्ट्रमचा कमकुवत सिग्नल सापडत नाही. मॅन्युअल सर्चमध्ये जाऊन ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास शोधावं लागतं, तेही यंत्र चालू ठेवून. त्यापेक्षा स्पेक्ट्रममध्ये कंपोझिटचा बदल करून घेतलेला असला तर उत्तम. मॉड्युलेटरला (आरएफ सिग्नल बनवणाऱ्या डबीला) वळसा घालणारी दोन तारांची सोपी सुधारणा आहे ती. नव्या टीव्हींत पिवळं सॉकेट नसून साडेतीन मिलिमीटरचं एव्ही भोक असतं, आणि त्याच्या केबलीत अर्थ कुठल्या कड्यावर आहे हे कंपनीगणिक बदलतं. चित्र काळं-पांढरं, गुरगुरतं, किंवा पिवळ्याऐवजी लाल प्लगमध्ये येत असेल तर केबल चुकीची आहे, यंत्र बरोबर आहे. अशा दोन वेगवेगळ्या केबली जवळ ठेवा.

सगळ्यांना एकदम दाखवायचं असेल तर कन्व्हर्टरच्या मागे न लागता सीआरटीसमोर स्टँडवर मोबाईल लावा आणि त्याचं चित्र लॅपटॉपमार्फत प्रोजेक्टरवर द्या. पडद्यावर काळे पट्टे फिरताना दिसतील. ते घालवायला कॅमेऱ्याचा शटर वेग पडद्याच्या वेगाशी जुळवावा लागतो: पाल यंत्रांसाठी १/५० सेकंद, डॉसच्या व्हीजीए टेक्स्ट पडद्यासाठी १/७० च्या जवळचा. खोलीतले पुढचे दिवे बंद, मागचे चालू.

नागपूरच्या हवेबद्दल. डिसेंबर हा योग्य महिना आहे, फक्त हवा कोरडी असते आणि स्टॅटिक वाढतं. नायलॉनचं जाकीट घालून चिप हाताळू नका; आधी अर्थ मिळालेल्या पत्र्याला हात लावा. हाच मेळावा कधी एप्रिल-मेमध्ये करावा लागला तर खोलीत एसी आहे की कूलर हे विचारा. कूलरच्या झोतात यंत्र ठेवायचं नाही, त्यातून बारीक तुषार येतात आणि सॉकेटांत बसतात. उन्हात उभ्या कारच्या मागच्या काचेखाली ठेवलेल्या फ्लॉपी पन्नास अंशांच्या वर जातात आणि वाकतात. पावसाळ्यानंतर फ्लॉपीच्या खिडकीतून पांढरे डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेडला थर बसतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते.

वाहतुकीत यंत्र थर्माकोलला थेट टेकू देऊ नका. पीव्हीसीची वायर आणि थर्माकोल आठवडाभर चिकटून राहिले की दोन्ही विरघळल्यासारखे होतात. जुन्या कापडात गुंडाळा, मग खोक्यात. सीगेट एसटी-२२५ सारख्या वीस मेगाबाईटच्या डिस्का स्वतःहून हेड बाजूला नेत नाहीत. निघण्याआधी पार्क प्रोग्राम चालवायचा आणि त्यानंतर यंत्र बंदच ठेवायचं. सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये पुठ्ठा घालून खटका लावा. पोचल्यावर सॉकेटातल्या चिपा अंगठ्याने एकदा दाबा. खड्ड्यांच्या रस्त्याने त्या वर सरकतात आणि निम्मे ‘मेलेले’ संगणक एवढ्यानेच जिवंत होतात.

टेबलं बिछायत केंद्राची चालतात, पण डगमगणारं टेबल सीआरटीला नको. सहा फुटी टेबलावर एक पीसी आणि सीआरटी, किंवा दोन घरगुती संगणक. त्याहून जास्त दाटीवाटी केली की माणसाला कोपर टेकायला जागा उरत नाही. टेबलं भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा म्हणजे मागून केबली लावता येतात आणि वायरी पायात येत नाहीत. टेबलावर लोंबणारी चादर घालू नका, ती पंख्यात जाते. प्रत्येक यंत्रापुढे तीन रंगांपैकी एक कार्ड: हिरवं म्हणजे बसा आणि चालवा; पिवळं म्हणजे मालकाला विचारून; लाल म्हणजे फक्त बघा. तर्री पोहे आणि चहा शेजारच्या व्हरांड्यात, मध्ये हात पुसायचे कागद. तर्रीचं तेल स्पेक्ट्रमच्या रबरी कळांत गेलं की निघत नाही.

साडेतीन तासांतले पहिले पन्नास मिनिटं दार बंद, फक्त मालक आत. या वेळात आठही यंत्रं लागली नाहीत तर न लागणारं सोडून द्या. पाहुणे आल्यावर स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की तो माणूस संध्याकाळभर कोणाशी बोलत नाही. नंतर प्रत्येक मालकाने उभ्याने तीन मिनिटांत सांगायचं: यंत्र कोणतं, कुठून आलं, यावर आत्ता काय चालतंय. मग मोकळं सोडा. शेवटची चाळीस मिनिटं आवरायला. तीन माणसांना कामं नेमून द्या, एक वीज, एक पडदे, एक दार. तिघांपैकी कोणीही स्वतःचं यंत्र लावू नये, नाहीतर काम राहून जातं.

चालवायला काय ठेवावं? सगळेच खेळ ठेवलेत तर खोली आर्केड होते आणि दहा मिनिटांत माणसं पांगतात. एका यंत्रावर रिकामं बेसिक आणि शेजारी दहा ओळींचा छापील प्रोग्राम ठेवा, नवा माणूस टाईप करत बसतो. एका यंत्रावर कॅसेटचं लोडिंग दाखवा. स्पेक्ट्रमला ते मोबाईलवरूनही होतं: ध्वनिफाईल, मोनो केबल, आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, फोन फ्लाइट मोडवर. मध्ये एक मेसेज आला तर पाच मिनिटांचं लोडिंग वाया जातं. फोनचा आवाज कमी पडत असेल तर मधे छोटा अँप्लिफायर लागतो. कमोडोरला ही युक्ती चालत नाही, त्याला त्याचा डेटासेट (कमोडोरचा खास कॅसेट रेकॉर्डर) किंवा एसडी कार्डचा ड्राइव्ह लागतो. पीसींसाठी फ्लॉपीऐवजी गोटेक एम्युलेटर (पेनड्राइव्हला फ्लॉपी भासवणारा ड्राइव्ह), हार्ड डिस्कऐवजी एक्सटी-आयडीई हा जोडणीचा बोर्ड आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड ठेवलं तर संध्याकाळ निर्धोक जाते. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण मूळ डिस्क घरी सुरक्षित राहते.

फ्लॉपी वाचून देणारं एक टेबल मात्र जरूर ठेवा. ग्रीझवीझल बोर्ड (जुने फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने लॅपटॉपला जोडणारा), एक साडेतीन आणि एक सव्वापाच इंची ड्राइव्ह, त्यांचा स्वतंत्र, पाच आणि बारा व्होल्टचा सप्लाय, लॅपटॉप. लोक प्रबंध, जुनी मराठी डीटीपीची कामं, दुकानाचे हिशेब घेऊन येतात. आधी लिहिण्यापासून संरक्षण लावा: सव्वापाच इंचीवर खाच झाकायची, साडेतीनवर भोक उघडं ठेवायचं, उलटं केलं तर फसाल. बुरशी असेल तर घ्यायची नाही, नाव लिहून नंतरसाठी ठेवायची. प्रत्येक सात-आठ फ्लॉपींनंतर हेड अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं. वाचलेली इमेज (फ्लॉपीची हुबेहूब प्रत) मालकाच्या पेनड्राइव्हवर द्या आणि लॅपटॉपवरून त्याच्यासमोर पुसा, कारण जुन्या फ्लॉपींत लोकांची खाजगी पत्रं आणि बँकेचे तपशील असतात.

तुमच्या पेटीत असावं: मल्टिमीटर, सिरीज बोर्ड, तीन पिनांचे जाड वायरचे एक्स्टेंशन बोर्ड चार, दोन-तीन पिनांचे कन्व्हर्टर सहा, पिवळ्या आरसीए केबली चार, व्हीजीए केबली दोन, एव्ही केबली दोन प्रकारच्या, अल्कोहोल आणि कापूस, कापडी टेप, फिलिप्स आणि चपटे स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, कोऱ्या चिठ्ठ्या. यातलं काही ऐनवेळी कमी पडलं तर सीताबर्डीच्या बाजारात मिळेल, पण दुकानं बंद व्हायच्या आधी; खोली संध्याकाळची असेल तर दुपारीच एकदा पेटी मोजा. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक कुठे टांगलंय ते बघून ठेवा. पावडरचं वापरलं तर आग विझते, पण शेजारचे चार संगणकही हातचे जातात.

शेवटी गेट पास. मोठ्या हॉलचे सुरक्षारक्षक आत नेताना काही विचारत नाहीत, रात्री बाहेर नेताना मात्र मॉनिटर घेऊन निघालेल्या माणसाला अडवतात, आणि तोवर ज्याने परवानगी दिली तो संयोजक घरी गेलेला असतो. प्रत्येक यंत्र, मॉनिटर आणि सिरीयल नंबर लिहिलेल्या यादीच्या दोन प्रती काढा, आत जाताना दोन्हींवर गेटचा शिक्का घ्या, एक तिथे आणि एक दार सांभाळणाऱ्याकडे. यंत्रांची अदलाबदल किंवा विक्री होणार असेल तर संयोजकांना आधी विचारा, आणि ज्याच्या हातून यंत्र दुसऱ्याकडे गेलं त्याने यादीवर सही करावी, नाहीतर गेटवर नावं जुळत नाहीत.